नवी आवृत्ती आली तरी ग्रुप जुन्याच नियमांवर का अडून बसतो?

जुळे सोलापुरातल्या एका डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, विचारलंय: आमचा पाच जणांचा ग्रुप 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (फासे टाकून, एकेका पात्राची भूमिका करत गोष्ट खेळायचा खेळ) २०१४ च्या नियमांवर खेळतो. एक पॅलडिन (पवित्र योद्धा), एक हाफ-एल्फ (अर्धा माणूस, अर्धा एल्फ) बार्ड (गायक जादूगार), एक रोग (चोर), एक विझर्ड (जादूगार), एक फायटर (लढवय्या). सगळे दहाव्या लेव्हलच्या आसपास. मी २०२४ चं सुधारित 'प्लेयर्स हँडबुक' घेतलं, पूर्ण वाचलं आणि मला ते आवडलं. ग्रुपमध्ये विषय काढला की एकच उत्तर येतं, "चाललंय की चांगलं, आता कशाला बदलायलाव?" बरे नियम समोर असताना लोक जुन्यालाच का धरून बसतात, आणि यांना पटवायचं कसं?

पटवायचं कसं हे शेवटी घेतो, कारण तुमच्या खेळाडूंची बाजू तुम्ही अजून पुरती ऐकलेली नाही असं मला वाटतं. मी सोलापुरात बरीच वर्षं टेबल चालवतोय. तिसऱ्या आवृत्तीपासूनचे बदल टेबलावर बसून पाहिलेत. नव्या नियमांना नाही म्हणणारा खेळाडू मला क्वचितच आळशी किंवा हट्टी वाटला. आपल्या हातून काहीतरी जाणार हे त्याला कळलेलं असतं, फक्त ते नेमकं काय हे त्याला सांगता येत नाही. म्हणून तो "चाललंय की" एवढंच म्हणतो.

काय जातं ते सांगतो. ग्रुप ज्या नियमांवर खेळतो ते बहुतांशी पुस्तकात नसतातच. पाच-सहा जणांनी मिळून, बसून-भांडून, एक समजूत घडवलेली असते. कुणी छपरावरून उडी मारून वार करतो म्हणाला तर आपला डीएम कोणता चेक (फाशावरची परीक्षा) मागेल, कुठे सूट देईल, कुठे देणार नाही, हे सगळ्यांना न विचारता ठाऊक असतं. हीलिंग पोशनचंच घ्या. २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे जखम भरणारं हे औषध प्यायला पूर्ण ॲक्शन, म्हणजे टर्नमधली मुख्य कृती, जाते. पण कितीतरी ग्रुप पहिल्यापासून बोनस ॲक्शनमध्येच, म्हणजे त्याच टर्नमधल्या जादा छोट्या कृतीत, पोशन पितात, आणि त्यातल्या अनेकांना हा आपला हाउस रूल आहे याचा पत्ताही नसतो. २०२४ च्या पुस्तकाने तीच पद्धत अधिकृत केली. घरोघरी मेंढीकोट असाच चालतो. बंद हुकूम की कट हुकूम हे कुणी छापील नियमात शोधत नाही, ज्याच्या घरी डाव मांडलाय तिथली रीत चालते. तुम्ही नवं पुस्तक टेबलावर ठेवता तेव्हा तुमच्या मनात काही पानं बदलायची असतात. खेळाडूला मात्र दिसतं की इतक्या वर्षांत जुळून आलेली समजूत आता पुन्हा पहिल्यापासून बोलून ठरवावी लागणार.

हे झालं कुठल्याही बदलाबद्दल. तुमच्या प्रश्नात याहून अवघड गाठ आहे, तिच्याकडे वळतो. २०१४ आणि २०२४ मध्ये फरक थोडाच आहे, मग जड काय जातंय, असं तुम्हाला वाटत असणार. मी टेबलावर पाहिलंय ते याच्या उलट आहे. फरक थोडा असतो तेव्हाच गोंधळ सगळ्यात जास्त होतो.

'कॉल ऑफ कथुल्हू' हा दुसरा भूमिका-खेळ शिकायला बसलेला ग्रुप त्यात 'डी अँड डी'चे (डंजन्स अँड ड्रॅगन्सचे) नियम मिसळत नाही. तिथे टक्केवारीचे फासे, तपासाची गोष्ट, वेडाची भीती. डोकं आपोआप वेगळा कप्पा उघडतं. पण स्पेलचं (मंत्राचं) नाव तेच, क्लास (पात्राचा पेशा) तोच, कॅरेक्टर शीटवरचे रकाने तेच, आणि आत एकच वाक्य बदललेलं, असं असलं की ते वाक्य ऐन वेळी आठवत नाही. जुनंच आधी तोंडात येतं.

तुमच्या पॅलडिनचा डिव्हाइन स्माइट (वाराला दैवी जोर देणारी शक्ती) बघा. २०१४ च्या नियमात वार लागल्यावर खेळाडू ठरवतो, स्पेल स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी शिल्लक) खर्च करतो आणि जादा डॅमेजचे फासे उचलतो. एका टर्नमध्ये दोन वार लागले तर दोन्हींवर स्माइट करता येतो. २०२४ मध्ये स्माइट हा स्पेल झाला. त्याला बोनस ॲक्शन लागते, म्हणजे टर्नला एकदाच. आणि स्पेल झाल्यामुळे समोरचा जादूगार त्यावर काउंटरस्पेल, म्हणजे दुसऱ्याचा स्पेल रद्द करणारा स्पेल, मारू शकतो. आता काउंटरस्पेलही बदललंय. पूर्वी तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट वापरला की तिसऱ्या किंवा त्याखालच्या लेव्हलचा स्पेल सरळ रद्द व्हायचा. आता मूळ स्पेल टाकणाऱ्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (दणकटपणावर बचावाचा फासा) मिळतो, आणि त्यात तो हरला तरी त्याचा स्लॉट वाचतो. ग्रॅपलमध्ये, म्हणजे धरपकडीत, पूर्वी पकडणारा ॲथलेटिक्सचा आणि पकडला जाणारा ॲथलेटिक्सचा किंवा ॲक्रोबॅटिक्सचा फासा टाकून भिडायचे, आता पकडला जाणारा सेव्ह टाकतो. सरप्राइजमध्ये पूर्वी गाफील सापडलेल्याचा पहिला टर्नच जायचा, आता त्याला फक्त इनिशिएटिव्हवर (टर्नचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर) डिसॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा.

यातला एकेक बदल कागदावर वाचला तर मला पटतो. थकव्याचा, म्हणजे एक्झॉशनचा, जुना तक्ता मला कधीच आवडला नव्हता: सहा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीची शिक्षा वेगळी. नव्या नियमात प्रत्येक पायरीला वीसच्या फाशावर उणे दोन, वेग पाच फुटांनी कमी, विषय संपला. कितीतरी स्वच्छ. तरीही रात्री साडेदहाला, लढाई रंगात आलेली असताना, पॅलडिनवाला दुसऱ्या वारावर स्माइटचे फासे उचलतो आणि तुम्ही म्हणता "थांब, आता तसं नाही चालत", त्या क्षणी टेबलावरचा जीव जातो. असं एका संध्याकाळी चार-पाच वेळा झालं की खेळाडू फासा टाकण्याआधी तुमच्या तोंडाकडे बघायला लागतात. या खेळाची मजा झटकन ठरवून झटकन करण्यात आहे, आणि पहिल्यांदा तीच जाते.

२००३ मध्ये हेच झालं होतं. तिसरी आवृत्ती २००० साली आली आणि तीनच वर्षांत तिची सुधारित ३.५ निघाली. इतक्या लवकर पुन्हा पुस्तकं घ्यायची का, यावर पुष्कळ कुरकुर झाली. पण टेबलावर पैशांपेक्षा बारीक बदल जास्त बोचायचे. बुल्स स्ट्रेंग्थ हा स्पेल आधी दर लेव्हलला एक तास टिकायचा, तो दर लेव्हलला एक मिनिटावर आला. सकाळी स्पेल टाकून दिवसभर हिंडायची सवय लागलेल्या ग्रुपचं अख्खं नियोजन त्या एका शब्दाने मोडलं. हेस्ट या स्पेलने आधी जादूगाराला एका राउंडमध्ये दोन स्पेल टाकता यायचे, ते बंद झालं. स्पेलचं नाव तेच राहिल्यामुळे लोक वाचायचेच नाहीत, आणि वाद व्हायचे.

याच्या तुलनेत २००० सालचा बदल कितीतरी मोठा होता. त्याआधी आर्मर क्लास (बचावाचा आकडा) जितका कमी तितका चांगला, शून्याच्याही खाली उणे दहापर्यंत. वार लागला की नाही हे काढायला आपल्या थॅकोमधून (शून्य आर्मर क्लासवाल्याला वार लागायला फाशावर हवा असलेला आकडा) समोरच्याचा आर्मर क्लास वजा करायचा. तिसऱ्या आवृत्तीने दिशाच उलटी केली: आकडा मोठा तो चांगला, फासा टाका, बोनस मिळवा, आर्मर क्लास गाठला की वार लागला. एवढा उलथापालथीचा बदल, पण मी ज्यांच्यासोबत बसलो त्यांच्या तो लवकर अंगवळणी पडला. जुनी सवय त्यात घुसायला फटच उरली नव्हती. शिवाय जुनी कॅरेक्टर नव्या नियमात आणायला प्रकाशकांनी रूपांतराची वेगळी पुस्तिकाही काढली होती.

आता बदल हवा असलेला माणूस आणि नको असलेला माणूस यांच्यातला फरक बघा. जवळजवळ नेहमी डीएमलाच नवी आवृत्ती हवी असते, कारण तो वाचतो. रात्री जेवण झाल्यावर राक्षसांची पानं चाळणं हा त्याच्या खेळाचाच भाग असतो. टेबलावर येईपर्यंत त्याची नव्या नियमांशी चांगली ओळख झालेली असते. खेळाडू त्या नियमाला पहिल्यांदा भेटतो तो थेट लढाईत, सगळ्यांसमोर, आपला टर्न आलेला असताना.

आपल्या गावात हे अंतर आणखी वाढतं. एक तर भाषा. टेबलावर मराठी चालते, मधेच कुणाची घरची तेलुगू येते, कुणाची कन्नड, आणि पुस्तक इंग्रजीत. पाचांतले एक-दोघे ते वाचतात. बाकीचे कानाने शिकतात: "इनिशिएटिव्ह टाक", "विज्डम सेव्ह मार", "ॲडव्हान्टेज आहे तुला, दोन फासे घे." माझ्या टेबलावर अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात हिशोब बघणारा एक खेळाडू आहे. त्याने पुस्तक कधी उघडलं नाही, पण रोगचा स्नीक अटॅक कधी लागतो आणि कधी लागत नाही हे तो झोपेत सांगेल. हे ज्ञान त्याने खेळून कमावलंय. नवी आवृत्ती आली की इंग्रजी वाचणारा घरी जाऊन वाचतो आणि पुन्हा तयार होतो. या माणसाला वाचायला काहीच नसतं. टेबलावर आपला शब्द चालत होता, तिथे पुन्हा नवख्यासारखं प्रत्येक गोष्ट विचारत बसायचं. त्याने "कशाला बदलायलाव" म्हटलं तर त्यात स्वतःच्या मानाचा प्रश्न असतो, आणि तो मला अगदी रास्त वाटतो.

दुसरं म्हणजे आपले ग्रुप विखुरलेले असतात. कॉलेज संपलं की निम्मे पुण्याला, हैदराबादला. हुतात्मा एक्स्प्रेसने सुट्टीला येतात. मग दिवाळीत दोन रात्री जमतं, आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला आले की पुन्हा. मधे कित्येक आठवडे कोरडे. इतक्या अंतराने खेळणाऱ्याच्या डोक्यात जे सगळ्यात जुनं आणि मुरलेलं तेच टिकतं. दिवाळीत शिकवलेला नवा ग्रॅपल संक्रांतीपर्यंत उडून जातो आणि जुना जसाच्या तसा वर येतो. दर रविवारी बसणारा ग्रुप महिन्याभरात नव्या नियमाला सरावतो. तुमचा ग्रुप कधी बसतो हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्या निर्णयात त्याचं वजन मोठं असायला हवं.

मग कॅरेक्टरचा प्रश्न. तुमचा बार्ड हाफ-एल्फ आहे, आणि २०२४ च्या हँडबुकमध्ये हाफ-एल्फ नाही. हाफ-ऑर्कही नाही. जुन्या पुस्तकातलं कूळ वापरायची सोय नव्या पुस्तकाने ठेवली आहे, त्यामुळे खेळ अडत नाही. पण इतकी वर्षं जपलेलं पात्र नव्या पुस्तकाच्या यादीत दिसत नाही तेव्हा खेळाडूला काय वाटतं, ते सोयीच्या तळटिपेने भरून निघत नाही. हे नवीनही नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून हाफ-ऑर्क हे कूळ आणि असॅसिन हा क्लास गेले होते. २००८ च्या चौथ्या आवृत्तीच्या पहिल्या हँडबुकात बार्ड नव्हता, ड्रुइड नव्हता, बार्बेरियन आणि मंक नव्हते, आणि नोम या कुळाची रवानगी राक्षसांच्या पुस्तकात झाली होती.

चौथी आवृत्ती नियम म्हणून वाईट नव्हती असं माझं ठाम मत आहे. फायटरला प्रत्येक टर्नला काहीतरी विचार करण्यासारखं पहिल्यांदा तिनेच दिलं. पण तिने सगळ्या क्लासना एकाच साच्यात बसवलं: काही शक्ती केव्हाही, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. जुनं कॅरेक्टर तिच्यात नेताना ते ओळखू येत नव्हतं. चालू कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग गोष्ट) असलेल्या ग्रुपसमोर दोनच वाटा उरल्या: कॅम्पेन सोडा किंवा आवृत्ती सोडा. तिसरी वाट पायझो या प्रकाशन कंपनीने काढली. 'डी अँड डी'ची 'ड्रॅगन' आणि 'डंजन' ही मासिकं २००७ पर्यंत त्यांच्याकडे होती. 'डी अँड डी'चे नियम इतरांनाही वापरू देणाऱ्या २००० सालच्या खुल्या परवान्याचा आधार घेऊन त्यांनी ३.५ चेच नियम डागडुजी करून २००९ मध्ये 'पाथफाइंडर' म्हणून काढले. खेळाडू जुन्याला चिकटले असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं, पण त्यांनी नवीन पुस्तक विकत घेतलंच की! फक्त चालू गोष्ट न तोडणारं घेतलं. पुढे पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली ती २०१२ पासून खेळाडूंकडून उघडपणे खेळवून, त्यांची मतं घेऊन.

'कॉल ऑफ कथुल्हू'ची सातवी आवृत्तीही २०१४ चीच. तिने मूळ गुणांचे आकडे पाचपट करून टक्केवारीत आणले. १९८१ पासूनची जुनी कथानकं घ्या, मनातल्या मनात पाचने गुणा, खेळ सुरू. एवढ्या जुन्या खेळात हा बदल सोपा गेला तो या गुणाकारामुळे. याउलट 'वॉरहॅमर फँटसी' या भूमिका-खेळाची तिसरी आवृत्ती २००९ मध्ये खास फासे आणि पत्ते घेऊन आली, आणि २०१८ ची चौथी पुन्हा टक्केवारीवर परतली.

पैशांबद्दल थोडक्यात. एका पुस्तकाची मूळ किंमत जवळपास ५० डॉलर, आणि मुख्य पुस्तकं तीन. इथे बहुतेक ग्रुपांत एकच प्रत फिरते, त्यामुळे भार डीएमवर पडतो. पण ही अडचण आता पूर्वीइतकी मोठी नाही: २०१४ आणि २०२४, दोन्हींचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोफत उपलब्ध आहेत. ते मोफत का झाले याची गोष्ट मात्र विश्वासाशी जोडलेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये जुना खुला परवाना बदलण्याचा मसुदा बाहेर फुटला, प्रचंड विरोध झाला, आणि महिनाअखेर 'डी अँड डी'च्या प्रकाशकांनी २०१४ चे मूलभूत नियम खुले केले. ऑगस्ट २०२४ मध्ये 'डी अँड डी बियाँड' या अधिकृत ॲपवरच्या चालू कॅरेक्टर शीटमध्ये जुन्या स्पेलच्या जागी नवे येणार असं जाहीर झालं, पुन्हा ओरड झाली, आणि काही दिवसांत तो निर्णयही मागे घेतला गेला. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी ॲपवर शीट ठेवत असेल तर त्याच्या नकारात ही आठवणही असू शकते. आपलं कॅरेक्टर आपल्याला न विचारता बदलू शकतं, हे त्याने एकदा वाचलेलं आहे.

आता तुमचं काय. चालू कॅम्पेन २०१४ वरच पूर्ण करा. दहाव्या लेव्हलला, सवयी मुरलेल्या असताना, नियम बदलण्याची ही सगळ्यात वाईट वेळ आहे. पहिल्या लेव्हलला कॅरेक्टरकडे चार गोष्टी असतात, त्या नव्याने शिकणं सोपं. दहाव्याला तीस असतात.

दरम्यान नव्या नियमांतले सुटे तुकडे उचला, पण असेच उचला ज्यांना कुणाच्या हातची सवय मोडावी लागणार नाही. पोशनचा नियम बहुधा तुम्ही पाळतच असाल. एक्झॉशन क्वचित येतो, त्यामुळे तो बदलला तर कुणाला टोचत नाही, आणि नवा नियम खरंच बरा आहे. नव्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधले राक्षस जुन्या कॅरेक्टरसमोर उभे करता येतात, त्यासाठी खेळाडूंना काहीच शिकावं लागत नाही. स्माइट, काउंटरस्पेल आणि ग्रॅपलला मात्र हात लावू नका. एका बदलाला सगळे सरावले की मगच पुढचा.

मग मोफत नियमांवर एक वेगळी छोटी गोष्ट खेळवा, एका बैठकीत संपणारी, तयार कॅरेक्टर देऊन. नळदुर्गच्या पाणीमहालासारखी जागा घ्या: बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटात खोल्या, वरून कोसळणारं पाणी. आपल्याकडच्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो, त्यामुळे वर्णनात वेळ जात नाही आणि सगळं लक्ष नियमांकडे राहतं. पॅलडिनवाल्याला पॅलडिन देऊ नका, मंक द्या. मंक या आवृत्तीत चांगलाच सुधारलाय, आणि त्याची कुठलीही जुनी सवय आड येणार नाही. प्रत्येकाला एका पानाची चिठ्ठी द्या, मराठीत, टेबलावर आपण जसं बोलतो तशी: "तुझ्या टर्नला हे करू शकतोस, त्यासाठी हा फासा." पुस्तक न वाचणाऱ्या खेळाडूला त्या पानाने जेवढी मदत होते तेवढी कुठल्याही समजावण्याने होत नाही.

तुम्ही डीएम आहात, शेवटचा शब्द तुमचा, हे खरं आहे. सगळी तयारी तुम्ही करता आणि ज्या नियमांचा तुम्हाला कंटाळा आलाय त्यांवर तुम्हाला वर्षानुवर्षं राबवणं हाही अन्यायच. तो कंटाळा असेल तर ग्रुपला स्पष्ट सांगा. "हे नियम जास्त चांगले आहेत" यावर वाद घालता येतो. "मला हे चालवताना मजा येईल" असं म्हटलंत तर ऐकून घेतील, कारण तुमच्याशिवाय टेबल बसत नाही हे त्यांनाही माहीत आहे.

ग्रुपसमोर पुन्हा विषय काढण्याआधी पॅलडिनवाल्याशी आणि बार्डवाल्याशी वेगवेगळं बोला, कारण या बदलात त्या दोघांचं सगळ्यात जास्त जातं. नवीन नियमांत तुझ्या कॅरेक्टरची कोणती गोष्ट गेलेली तुला चालणार नाही, एवढंच विचारा आणि उत्तर लिहून घ्या. पुढच्या कॅम्पेनचं ठरवायला बसाल तेव्हा तो कागद समोर ठेवा.